लष्करप्रमुख हुकूम कुणाला देतात?

एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) तयारी करणाऱ्या मुलांपुढे बोलायला मला अधूनमधून बोलावतात. गेल्या खेपेस एका मुलाने वहीतून वाचून प्रश्न विचारला : "सर, लष्करप्रमुख म्हणजे बारा लाख सैनिकांचे सेनापती. मग युद्ध सुरू झालं की सगळे हुकूम तेच देतात का? पण सर्वोच्च सेनापती तर राष्ट्रपती आहेत, आणि आता वर सीडीएसही आले. मग लष्करप्रमुखांच्या हातात उरतं काय?" वेळ संपत आली होती, मी दोन वाक्यांत गुंडाळलं. घरी पोचेपर्यंत ते उत्तर मलाच डाचत राहिलं, म्हणून आता जरा सवडीने लिहितो. पायदळात मी तेहतीस वर्षं काढली, त्यातली दोन पोस्टिंगं दिल्लीत सेना मुख्यालयात. चीफच्या खुर्चीपासून बराच खाली होतो, पण त्या टेबलावरून निघालेला कागद पुढे कुठे जातो ते दिसेल इतक्या अंतरावर. (फौजेत 'लष्करप्रमुख' कुणी म्हणत नाही. शिपायापासून जनरलपर्यंत सगळे 'चीफ'च म्हणतात, मीही तेच म्हणेन. आणि सीडीएस म्हणजे चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ, तिन्ही दलांसाठी नेमलेले संरक्षण दलप्रमुख.)

आपल्या मराठी मनात सेनापतीचं चित्र प्रतापराव गुजरांचं आहे. फेब्रुवारी १६७४, नेसरीची खिंड, समोर बहलोलखानाची फौज आणि स्वराज्याचे सरनौबत सहा स्वारांनिशी तिच्यावर तुटून पडतात. लहानपणी ही गोष्ट ऐकताना माझ्याही अंगावर काटा यायचा. पुढे स्वतः कंपनी सांभाळायला लागल्यावर त्या गोष्टीचा दुसरा भाग दिसू लागला : राज्याभिषेकाला चार महिने उरलेले असताना महाराजांना नवा सरनौबत शोधावा लागला. हंबीरराव मोहिते मिळाले, हे स्वराज्याचं नशीब. आजच्या चीफला तलवार उपसून पुढे धावायचं नसतं. खरं तर कुठलीही तुकडी ते स्वतः लढवतच नाहीत.

लढवतात ते आर्मी कमांडर. भारतीय लष्कराच्या सात कमांड आहेत. उधमपूरची नॉर्दर्न, चंडीमंदिरची वेस्टर्न, जयपूरची साउथ वेस्टर्न, कोलकात्याची ईस्टर्न, लखनौची सेंट्रल आणि आपल्या पुण्याची सदर्न. सातवी शिमल्याची ट्रेनिंग कमांड, ती प्रशिक्षणाचं बघते. बाकी सहांपैकी प्रत्येक कमांडरकडे एक प्रदेश आणि तिथली फौज. १९७१मध्ये ढाक्यापर्यंतची लढाई जगजितसिंग अरोरांच्या ईस्टर्न कमांडने लढली, शरणागतीच्या कागदावर सहीही अरोरांनीच घेतली. तेव्हाचे चीफ माणेकशा त्या दिवशी दिल्लीत होते. ते तिकडे का गेले नाहीत, असं मुलं विचारतात. कारण त्याच वेळी पश्चिमेची आघाडीही पेटलेली होती आणि उत्तरेला चीनवर डोळा ठेवायचा होता. कुठल्या आघाडीला राखीव फौज द्यायची आणि कुणाची मागणी परत पाठवायची, हे ठरवणारा माणूस एकाच आघाडीवर जाऊन बसला तर बाकीच्यांनी विचारायचं कुणाला?

आता पदाच्या नावाकडे बघा. चीफ ऑफ द आर्मी स्टाफ. त्यातला 'स्टाफ' हा शब्द १९५५मध्ये मुद्दाम घातला गेला. त्याआधीचे पद होते कमांडर-इन-चीफ. इंग्रजांच्या काळात हा गृहस्थ व्हाइसरॉयच्या खालोखाल वजनाचा. तिन्ही दलं त्याच्या हाताखाली आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्याला जागा. कमांडर-इन-चीफ किचनेर आणि व्हाइसरॉय कर्झन यांच्यात लष्कराच्या कारभारावरून जुंपली, तेव्हा १९०५मध्ये राजीनामा देऊन गेला तो व्हाइसरॉय. दिल्लीत या कमांडर-इन-चीफसाठी जो प्रशस्त बंगला बांधला होता तो फ्लॅगस्टाफ हाउस. स्वातंत्र्यानंतर त्यात नेहरू राहायला गेले आणि तो तीन मूर्ती भवन झाला. देशात मालक कोण बदलला, हे या एका घराच्या बदलीने जितकं कळतं तितकं कायद्याच्या पुस्तकाने कळत नाही.

१९४७मध्ये तिन्ही दलांचे प्रमुख वेगळे केले गेले. लष्कराचे पहिले दोन प्रमुख, लॉकहार्ट आणि बुचर, इंग्रजच होते. १५ जानेवारी १९४९ रोजी करिअप्पांनी सूत्रं घेतली, म्हणून तो आपला लष्कर दिन. १ एप्रिल १९५५पासून कमांडर-इन-चीफ हे नाव कायद्याने गेलं आणि राजेंद्रसिंहजी पहिले चीफ ऑफ द आर्मी स्टाफ झाले. दीड महिन्याने ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आले जनरल श्रीनागेश. जन्म कोल्हापूरचा, हे कोल्हापूरकरांनाही फारसं ठाऊक नसतं.

गंमत अशी की नाव बदललं पण काम तितकंसं बदललं नाही. चीफ सरकारचे सल्लागारही राहिले आणि लष्कराचे कमांडरही. राज्यघटनेच्या ५३व्या कलमाने संरक्षण दलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे आणि तो अधिकार कायद्याने, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरायचा आहे. युद्ध करायचं की नाही, सीमा ओलांडायची की नाही, हे पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची सुरक्षाविषयक समिती ठरवते. कसं लढायचं, कुठून, कधी, किती फौज घेऊन, ते चीफ आणि त्यांचे कमांडर. कागदावर रेघ स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात त्या रेघेवरच सगळी ओढाताण चालते.

कारगिल घ्या. मे १९९९मध्ये घुसखोरीच्या बातम्या येत होत्या त्या दिवसांत तेव्हाचे चीफ जनरल मलिक परदेश दौऱ्यावर होते, २० तारखेच्या सुमारास परतले. सरकारने सांगितलं, घुसखोरांना हाकला पण नियंत्रण रेषा ओलांडू नका. फौजी नजरेने ही अट फार महागडी. शत्रूच्या पाठीमागे जाऊन त्याची रसद तोडता येत नाही, समोरून, उभ्या कड्यावरून, त्याच्या बंदुकीच्या तोंडीच चढावं लागतं. तोलोलिंग, टायगर हिल अशीच घेतली. ५२७ माणसं गेली. पण त्या अटीमुळे जगाचं वजन आपल्या बाजूला आलं हेही खरं, आणि ते वजन मोजणं हे सरकारचं काम होतं. चीफने काय केलं? अट मान्य केली, परिस्थिती बदलली तर ती पुन्हा तपासावी लागेल असं वर सांगून ठेवलं, आणि खाली तोफा पोचवल्या. माझ्या मते त्या पदावरचं सगळ्यात अवघड काम हेच : वरची अट खाली शिव्या न देता पोचवायची, आणि खालची अडचण वर न सजवता.

इथे मला दोन चीफ शेजारी ठेवून दाखवायचे आहेत.

पहिले जनरल थापर. सप्टेंबर १९६२. पंतप्रधान लंडनला, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन न्यूयॉर्कला. २२ तारखेला संरक्षण मंत्रालयात उपमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली बैठक झाली. चिन्यांना ईशान्य सीमेवरच्या थागला भागातून हुसकावून लावा, असं लष्कराला सांगितलं गेलं. त्याचे परिणाम काय होऊ शकतात हे थापरांनी बोलून दाखवलं आणि मग लेखी हुकूम मागितला. तो मिळालाही. एका सहसचिवाच्या सहीचा, काही ओळींचा कागद. पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. सुती गणवेशातल्या पलटणी नामका चू नदीकाठी उभ्या होत्या. २० ऑक्टोबरला चिनी लोंढा आला आणि महिन्याभरात थापरांनी राजीनामा दिला.

दुसरे माणेकशा. एप्रिल १९७१. निर्वासितांचे लोंढे येत होते, कारवाईचा दबाव होता. मंत्रिमंडळासमोर आपण काय बोललो, हे माणेकशा पुढे आयुष्यभर रंगवून सांगत. त्यांच्या तोंडून गोष्ट दर वेळी थोडी चढत जायची, आणि घाई करू नये असं म्हणणारे सरकारात दुसरेही होते असं इतिहासाचे अभ्यासक दाखवून देतात. तेवढं मीठ बाजूला काढलं तरी मुद्दे खणखणीत होते. पावसाळा तोंडावर आला होता, पूर्व बंगालच्या नद्या समुद्रासारख्या फुगणार होत्या. हिमालयातल्या खिंडी उघड्या होत्या, म्हणजे चीनला वाट मोकळी. फौजेचा बराच भाग पश्चिम बंगालमधल्या निवडणुका आणि अंतर्गत सुरक्षेत अडकलेला होता. त्यांनी वेळ मागितला. सरकारने दिला. डिसेंबरपर्यंत खिंडी बर्फाने बुजल्या, नद्या उतरल्या, त्रिपुरासारख्या आडवळणी भागात धान्य, दारूगोळा आणि पुलांचं सामान जाऊन पडलं. ३ डिसेंबरला युद्ध पेटलं, १६ला संपलं.

थापरांनी कागद मागितला, माणेकशांनी वेळ. थापर भित्रे नव्हते, हे मी ठासून सांगतो. त्या काळात मेननसारखा मंत्री, बढत्यांमध्ये ढवळाढवळ, आणि १९५९मध्ये थिमय्यांनी राजीनामा देऊन तो नेहरूंच्या शब्दावर परत घेतल्यावर संसदेत त्यांची झालेली शोभा, हे सगळं थापरांच्या डोळ्यांसमोर होतं. आदल्या चीफचं तोंड पोळलेलं, हे फुंकून पीत होते. पण लेखी हुकूम मागितला की सैनिकाची पाठ झाकली जाते, काम होत नाही. "हे या महिन्यात जमणार नाही, अमुक इतकं द्याल तर अमुक महिन्यात जमेल" असं आकड्यांनिशी सांगणारं लष्करात एकच माणूस सरकारसमोर बसू शकतं. बारा लाखांतलं दुसरं कुणी ते बोलूच शकत नाही, कारण दुसऱ्या कुणाला ते विचारलंच जात नाही.

आणि आकडे चुकीचे दिले तर? तेही झालं आहे. १९६५च्या युद्धात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते, चीफ होते जनरल चौधरी. ६२च्या घडीवरून धडा घेऊन चव्हाणांनी दलप्रमुखांशी नियमित बसून बोलण्याची शिस्त घातली होती. डावपेचांत नाक खुपसायचं नाही पण निर्णय अडवायचाही नाही, ही त्यांची पद्धत. १ सप्टेंबरला छांबवर पाकिस्तानी रणगाडे आले तेव्हा चौधरी आणि हवाई दलाचे अर्जनसिंग त्यांच्याकडे गेले, आणि विमानं वापरायची परवानगी त्यांनी काही मिनिटांत देऊन टाकली. हिमालयाच्या मदतीला गेलेला सह्याद्री आपण भाषणांत फार मिरवतो, पण मला विचाराल तर ती काही मिनिटं जास्त मोलाची. त्याच युद्धाच्या शेवटी मात्र, अजून काही दिवस लढलो तर हाती काही लागेल का, असं सरकारने चौधरींना विचारलं. दारूगोळा बराचसा संपत आला आहे, असा त्यांचा सल्ला होता. युद्धबंदी स्वीकारली गेली. नंतर हिशोब लागला तेव्हा दिसलं की आघाडीच्या दारूगोळ्याचा फारच थोडा भाग खर्ची पडला होता. एवढ्या मोठ्या फौजेच्या प्रमुखाला त्या घडीला स्वतःच्या कोठारात काय आहे ते नीट कळलं नाही. ही चूक मला अजिबात परकी वाटत नाही. खालून वर जाणारा प्रत्येक आकडा प्रत्येक पायरीवर थोडा सुरक्षित केला जातो. कंपनीचा क्वार्टरमास्टर पाच टक्के हातचा धरतो, बटालियन अजून पाच, ब्रिगेड अजून थोडा. चीफच्या टेबलावर पोचेपर्यंत भरलेलं कोठार रिकामं दिसतं, नाहीतर रिकामं भरलेलं.

म्हणून चांगले चीफ कागदावर विसंबून राहत नाहीत. मी मेजर असतानाचा एक प्रसंग. आमची पलटण नियंत्रण रेषेवर होती, चीफ पोस्टला भेट देणार असा निरोप आला. फौजेत जुनी म्हण आहे, हलतं त्याला सलाम ठोका, उभं आहे त्याला चुना फासा. आम्ही चार दिवस चुनाच फासत होतो. हेलिपॅडचा एच, पायवाटेचे दगड, पाण्याची टाकी. भेट चाळीस मिनिटांची होती. हेलिकॉप्टर उतरलं, सॅल्यूट, नकाशावर ब्रीफिंग, चहा-पकोडे. सगळं ठरल्याप्रमाणे. मग निघता निघता साहेब आखलेल्या वाटेवरून बाजूला वळले आणि वाकून एका बंकरमध्ये शिरले. आत एक लान्स नाईक, बुखारीच्या (शेकोटीच्या स्टोव्हच्या) नळकांड्याला दोरी बांधून तिच्यावर लोकरी मोजे वाळत घातलेले. "किती जोड आहेत तुझ्याकडे?" "दोन, साहेब." "मिळायला किती हवेत?" पोराने सीओंकडे, म्हणजे पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरकडे बघितलं, सीओंनी माझ्याकडे. कंपनी माझी होती. जितके मंजूर होते तितके कागदावर मिळालेलेही होते. पण गेल्या हिवाळ्यात वाटलेले जोड झिजून गेले होते आणि बदलीची मागणी कुठेतरी वरच्या टेबलावर पडून होती. मी तसंच सांगितलं, दुसरं काही सुचलंच नाही. चीफ मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या कर्नलने खिशातून छोटी डायरी काढून एक ओळ लिहिली. तीन आठवड्यांनी खेचरांवरून मोजे आले. फक्त आमच्या पोस्टला नव्हे, अख्ख्या सेक्टरला. तेव्हा मला वाटलं, एवढा मोठा माणूस आणि मोज्यांत लक्ष घालतो! पुढे दिल्लीत गेल्यावर कळलं की त्या भेटीत मोजे हे निमित्त होतं. मागणी कुठल्या टेबलावर किती दिवस अडकते, हे त्यांना शोधायचं होतं.

दिल्लीतली एक आठवणही सांगून टाकतो. मी चार पानांची टिपणी तयार केली होती, एका सामानाच्या खरेदीचा आग्रह धरणारी. माझ्या मते बिनतोड. ती वरपर्यंत गेली आणि समासात एका ओळीची शाई घेऊन परत आली : 'याला विरोध कुणाचा आहे आणि का?' विरोध होता. मी तो लिहिलाच नव्हता. दुसऱ्यांदा लिहिताना पानं सहा झाली आणि माझं मत निम्मं बदललं.

रोजचं कामही असंच बरंचसं निरस असतं. सकाळी मिलिटरी ऑपरेशन्सचं ब्रीफिंग : रात्रीत सीमेवर काय झालं, कुठे हिमस्खलन, कुठे गोळीबार. मग फायली. हाताखाली उपप्रमुख, उपप्रमुखांच्या खालचे डेप्युटी चीफ, अ‍ॅडज्युटंट जनरल, क्वार्टरमास्टर जनरल, मिलिटरी सेक्रेटरी वगैरे मंडळी. वर्षातून दोनदा सगळे आर्मी कमांडर जमतात, ती खरी पंचायत. संरक्षण मंत्रालयाशी बजेटवरून रस्सीखेच बारमाही चालूच. शिवाय परदेशी पाहुणे. नेपाळच्या लष्कराचे मानद जनरल हा किताब आपल्या चीफला देण्याची आणि त्यांच्या प्रमुखांना तोच मान इथे देण्याची प्रथा १९५०पासून आहे. आणि चीफच्या पत्नीवरही काम पडतं. सैनिकांच्या पत्नी आणि वीरपत्नींसाठी काम करणाऱ्या 'आवा' संघटनेच्या अध्यक्ष त्या असतात. बिनपगारी.

पण चीफची सगळ्यात लांब पोचणारी सत्ता माझ्या मते वेगळ्याच खोलीत आहे. मेजर जनरलमधून लेफ्टनंट जनरल कोण होणार हे ठरवणाऱ्या निवड मंडळाचे अध्यक्ष चीफ असतात, सदस्य उपप्रमुख आणि आर्मी कमांडर. शिफारशीवर शेवटची मोहोर सरकारची. तिथे आज निवडलेला माणूस चार-पाच वर्षांनी कोअर किंवा कमांड सांभाळतो, आणि त्यातूनच पुढचे चीफ येतात. तोफा, रणगाडे यांचंही तसंच. आज मागितलेली तोफ हाती पडेपर्यंत मागणारा चीफ निवृत्त होऊन गोल्फ खेळत असतो. डिसेंबर २००१मध्ये संसदेवर हल्ला झाला, जनरल पद्मनाभनच्या फौजेला सीमेवर जायचा हुकूम मिळाला, आणि मोठ्या स्ट्राइक कोअर (चढाईसाठी राखलेल्या मोठ्या फौजा) पुढे सरकायला तीन आठवड्यांच्या आसपास लागले. तोवर जगाचा दबाव येऊन पोचला. ती संथ रचना पद्मनाभन यांनी उभी केलेली नव्हती, त्यांच्या आधीच्या वीस वर्षांतल्या निर्णयांचं ते ओझं होतं. पुढच्या चीफ लोकांनी त्यावरून छोट्या, चपळ तुकड्यांचा विचार सुरू केला.

अधिकाराला बांधही घट्ट आहेत. आर्मी अ‍ॅक्ट, १९५०च्या विसाव्या कलमाने चीफ एखाद्या जवानाला किंवा जेसीओला (सुभेदारासारख्या कनिष्ठ अधिकाऱ्याला) सेवेतून काढू शकतात. कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्याला नाही. अगदी कालच कमिशन मिळालेल्या लेफ्टनंटलाही नाही. त्याचं कमिशन राष्ट्रपतींचं, त्याला काढायचं तर केंद्र सरकारनेच. हे सांगितलं की कॅडेट खूश होतात! टेरिटोरियल आर्मीला (नोकरी-धंदा सांभाळून फौजेत सेवा देणाऱ्यांच्या दलाला) सेवेवर बोलावण्याचे अधिकारही मे २०२५मध्ये, पहलगामनंतरच्या तणावात, सरकारने अधिसूचना काढून चीफला दिले. म्हणजे तेही हातउसनेच. शेजारी पाकिस्तानात १९७२मध्ये भुट्टोंनी आपल्यासारखंच कमांडर-इन-चीफ हे नाव काढून चीफ ऑफ आर्मी स्टाफ केलं. पाच वर्षांनी त्याच नावाच्या पदावरच्या झियांनी भुट्टोंना पदच्युत केलं आणि पुढे भुट्टो फासावर गेले. तेव्हा नुसत्या पाटीने काही होत नाही. आपल्याकडे तीन वर्षं किंवा वयाची ६२, जे आधी होईल ते, एवढीच मुदत. वाढ इतकी दुर्मिळ की २०२४मध्ये जनरल मनोज पांडे यांना एक महिना मिळाला तर त्याची मोठी बातमी झाली.

सीडीएसचं बघू. हे पद १ जानेवारी २०२०पासून आलं, पहिले जनरल बिपिन रावत. त्यांच्याकडे लष्करी व्यवहार विभागाचं सचिवपद आणि तिन्ही दलांच्या सामाईक प्रश्नांवर संरक्षणमंत्र्यांना सल्ला देण्याचं काम. पण सरकारने पद निर्माण करतानाच स्पष्ट केलं होतं की सीडीएस तिन्ही प्रमुखांसह कुणावरही लष्करी कमांड चालवणार नाहीत. ते मोठे भाऊ आहेत, वडील नाहीत. खरा बदल थिएटर कमांड आल्यावर होईल. त्या रचनेत एका प्रदेशातलं भूदल, नौदल, हवाई दल एकाच कमांडरच्या हाती असतं, आणि चीफचं काम फौज उभारणं, शिकवणं, पोसणं एवढं उरतं. अनेक जुन्या अधिकाऱ्यांना हे पटत नाही. मला पटतं. स्टाफ हा शब्द सत्तर वर्षं पाटीवर आहेच, कामही तसं होऊ दे की.

चीफ कोण होतो, हा मुलांचा आवडता प्रश्न. ज्येष्ठतम लेफ्टनंट जनरलांच्या नावांतून मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती निवडते. बहुतेक वेळा सर्वांत ज्येष्ठ, पण बंधन नाही. १९८३मध्ये एस. के. सिन्हा उपप्रमुख होते, त्यांना डावलून अरुणकुमार वैद्य यांना नेमलं, सिन्हांनी राजीनामा दिला. २०१६मध्ये रावत दोघांना ओलांडून आले. वैद्य म्हणजे दोनदा महावीर चक्र मिळवलेला रणगाड्यांचा माणूस. नेमणुकीनंतर वर्षाच्या आत जून १९८४ आला आणि सुवर्णमंदिरात फौज पाठवायचा सरकारचा निर्णय त्यांच्या कारकिर्दीत अमलात आला. निवृत्त होऊन ते पुण्यात राहायला आले आणि १० ऑगस्ट १९८६ रोजी बाजारातून घरी परतताना गाडीतच त्यांना गोळ्या घातल्या. निर्णय मंत्रिमंडळाचा होता. नाव मात्र चीफचं लक्षात राहिलं. पुण्यात त्या रस्त्याने जाताना माझ्या पिढीचे फौजी अजून जरा गप्प होतात.

आणि पगार, कारण तोही विचारलाच होता मागून कुणीतरी. सातव्या वेतन आयोगात मूळ वेतन अडीच लाख, कॅबिनेट सचिवाइतकंच. मानाच्या यादीत मात्र कॅबिनेट सचिव एक पायरी वर, यावर मेसमध्ये संध्याकाळच्या संध्याकाळ वाद घालता येतो.

राहता राहिला तो वहीवाला मुलगा. त्याने जाता जाता हळूच विचारलं होतं, मराठी माणूस चीफ होतो का. अरे, आताच दोन लागोपाठ झाले! पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीतले मनोज नरवणे, २०१९च्या अखेरीस. त्यांच्यानंतर एप्रिल २०२२मध्ये नागपूरचे मनोज पांडे, बॉम्बे सॅपर्सचे, इंजिनियर्समधून चीफ झालेले पहिले. नरवणेंना १९८०मध्ये कमिशन मिळालं, पांडेंना १९८२च्या डिसेंबरमध्ये. हिशोब कर : दोघांनाही ३९ वर्षं लागली. तुझी एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडीची मुलाखत, पुढच्या महिन्यात आहे ना? नकाशावाचन कच्चं आहे तुझं, त्या दिवशी उत्तर दिशा दाखव म्हटलं तर खिडकी दाखवलीस. शनिवारी ये, कंपास घेऊन पर्वतीवर जाऊ.